तक्त्यातल्या ओळी जातात कुठे?

समजा, आपल्याला एक छोटं वेबपान करायचं आहे. त्यावर बाजार समित्यांमधले शेतमालाचे भाव तक्त्यात दिसावेत आणि वर शोधायची एक चौकट असावी. ‘कांदा’ लिहिलं की कांद्याच्याच ओळी राहाव्यात, ‘लासलगाव’ निवडलं की तिथल्याच, आणि ‘दर इतक्या रुपयांच्या वर’ अशी अटही घालता यावी. जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरच्या आत चालणारी भाषा, हे सगळं करू शकते. त्यातलं गाळण्याचं काम तर एका ओळीचं आहे.

वेळ खातं ते त्या ओळीच्या अलीकडचं आणि पलीकडचं. त्यात एक अडचण अशी की इथे चूक झाली तरी बहुतेक वेळा कुणी ओरडत नाही. तक्ता नुसता रिकामा दिसतो, किंवा त्यात चार ओळी कमी असतात. रिकामा तक्ता निदान डोळ्यांत भरतो. चार ओळी कमी असलेला तक्ता मात्र अगदी बरोबर असल्यासारखा दिसतो, म्हणून जास्त भीती त्याची. या लेखात कोडमधली नावं देवनागरीत दिली आहेत. आपण टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत येतील.

आधी माहिती कशी दिसते ते पाहू. केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या मंचावर, म्हणजे डेटा डॉट गव्ह डॉट इनवर, देशभरातल्या बाजारांचे रोजचे भाव मिळतात. एकेका नोंदीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, जात, प्रत, तारीख आणि तीन दर असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला तो. दर क्विंटलचे असतात.

ही माहिती ‘जेसन’ स्वरूपात मागता येते. जेसन ही माहिती साध्या मजकुरात लिहायची एक पद्धत आहे. तिच्यात प्रत्येक नोंद महिरपी कंसात, रकान्याचं नाव आणि त्यापुढे मूल्य अशा जोड्यांनी लिहिलेली असते, आणि अशा सगळ्या नोंदी चौकोनी कंसात एकापाठोपाठ येतात. चौकोनी कंसातल्या रांगेला ‘अ‍ॅरे’ म्हणतात. आपण यादी म्हणू.

कोड लिहिण्याआधी एक गोष्ट करून घ्या. पानाची फाइल फोल्डरमधून दोनदा क्लिक करून उघडू नका. तशी उघडली तर पान दिसतं, पण शेजारच्याच फोल्डरमधली माहितीची फाइल वाचायला ब्राउझर सुरक्षेपोटी नकार देतो, आणि नवशिक्या माणसाचा पहिला दिवस तिथेच जातो. आपल्याच संगणकावर छोटा सर्व्हर चालू करून पान त्याच्यामार्फत उघडावं. बहुतेक कोड-संपादकांत त्यासाठी एक बटण किंवा जोडणी मिळते.

आता माहिती मागवू. त्यासाठी ब्राउझरमध्ये ‘फेच’ ही सोय आहे. २०१५ पासून ती ब्राउझरांत येऊ लागली. त्याआधी एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट नावाचं लांबलचक प्रकरण वापरावं लागे, आणि जुन्या कोडमध्ये ते अजून भेटतं. फेचला पत्ता दिला की ती लगेच माहिती देत नाही, ‘प्रॉमिस’ देते, म्हणजे ‘आली की कळवते’ असा वायदा. या वायद्यापुढे ‘अवेट’ लिहिलं की पुढची ओळ तो पुरा होईपर्यंत थांबते.

थांबावं मात्र दोनदा लागतं. पहिल्यांदा सर्व्हरने उत्तर द्यायला सुरुवात केली एवढंच कळतं. त्या उत्तरातला मजकूर पूर्ण वाचून त्याची यादी करून घेणं हे वेगळं काम आहे आणि त्यालाही अवेट लागतो. दुसरा अवेट विसरला की हातात यादीऐवजी वायदाच उरतो, आणि गाळायला गेलं की ‘फिल्टर हे फंक्शनच नाही’ अशी तक्रार येते. हीच तक्रार आणखी एका कारणाने येते: आलेल्या उत्तरात यादी थेट नसते, ‘रेकॉर्ड्स’सारख्या एखाद्या नावाखाली आत ठेवलेली असते. म्हणून आलेली वस्तू आधी कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या तपासणीच्या खिडकीत, छापून डोळ्यांनी बघावी.

फेचचा एक स्वभाव माहीत असायला हवा. पत्ता चुकला आणि सर्व्हरने ४०४ म्हणून कळवलं, किंवा सर्व्हरच कोलमडला आणि ५०० आलं, तरी फेचच्या लेखी ते यशच. उत्तर आलं ना, मग झालं. ती अपयश मानते ते फक्त उत्तरच आलं नाही तर. म्हणून उत्तरातला ‘ओके’ हा गुण आपण स्वतः तपासायचा आणि तो खोटा असेल तर तिथेच थांबून वाचणाऱ्याला तसं सांगायचं.

कधी कधी जेसन वाचताना पहिल्याच अक्षराला अडखळून ‘लहानपेक्षा’चं चिन्ह अनपेक्षित आलं, असा एरर दिसतो. कोड्यासारखा वाटतो, पण अर्थ सरळ आहे: आपण माहिती मागितली आणि सर्व्हरने एक वेबपान धाडलं. वेबपानाचा मजकूर त्या चिन्हाने सुरू होतो. बहुधा लॉगिनची मुदत संपलेली असते किंवा पत्ता चुकलेला असतो. जेसनमध्ये दोष शोधत बसू नये.

दुसऱ्याच्या सर्व्हरवरून माहिती आणताना त्या सर्व्हरने परवानगी दिलेली असावी लागते. ती नसेल तर ब्राउझर माहिती आपल्या कोडच्या हाती लागू देत नाही, आणि आपल्या बाजूने कितीही खटपट केली तरी उपयोग नसतो. अशा वेळी माहिती आपल्या सर्व्हरने आणायची आणि पानाला द्यायची. तसंही, सेवा वापरायला जी किल्ली मिळते ती पानाच्या कोडमध्ये ठेवणं म्हणजे उंबरठ्यावर ठेवणंच. पान उघडणारा कुणीही ती वाचू शकतो.

माहिती आली. सगळी आली का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. बहुतेक सेवा एका मागणीला ठरावीक ओळीच देतात. मर्यादा आपण सांगितली नाही, तर त्यांची ठरलेली मर्यादा लागू होते, आणि ती दहा ओळींचीही असू शकते. मग आपण त्या दहा ओळींत लासलगाव शोधतो, ते सापडत नाही, आणि तक्ता शांतपणे सांगतो की आज लासलगावला कांदा आलाच नाही. उत्तरात बहुधा एकूण नोंदींचा आकडा दिलेला असतो. तो आणि आपल्या यादीची लांबी ताडून बघा. कमी असेल तर ‘लिमिट’ म्हणजे किती ओळी हव्यात, आणि ‘ऑफसेट’ म्हणजे सुरुवातीच्या किती सोडून, हे दोन आकडे द्यायचे आणि ऑफसेट वाढवत पुन्हा पुन्हा मागायचं. एकूण नोंदी हातात येईपर्यंत गाळायला घेऊ नये.

यानंतरची पायरी अनेक जण गाळतात, आणि माझ्या मते अर्ध्याहून जास्त त्रास तिथूनच सुरू होतो. धान्य दळायला देण्याआधी निवडतात, तशी आलेली माहिती एकदा निवडून घ्यायला हवी. एकदाच, आणि आल्याबरोबर. दर शोधाच्या वेळी नव्हे.

आकड्यांपासून सुरुवात करू. जेसनमध्ये दर पुष्कळदा अवतरणचिन्हांत येतो, म्हणजे तो आकडा नसून मजकूर असतो. एका बाजूला खरा आकडा असेल तर जावास्क्रिप्ट दुसऱ्या बाजूचा मजकूर गुपचूप आकडा समजून घेते आणि तुलना बरोबर होते. पण पानावरच्या चौकटीत टाइप केलेलं मूल्यही मजकूरच असतं. दोन्ही बाजूंना मजकूर आला की तुलना शब्दकोशासारखी, पहिल्या अक्षरापासून होते. मग ९५० हे १५०० पेक्षा मोठं ठरतं, कारण ९ हा १ च्या पुढे. चाचणी घेताना आपण कोडमध्ये आकडा लिहितो, तेव्हा सगळं ठीक चालतं. चौकट जोडली की बिघडतं. दोष चौकटीत वाटतो, असतो माहितीत.

म्हणून ‘नंबर’ वापरून मजकुराचा आकडा करून घ्यायचा. त्याच्याही तीन खोडी आहेत. स्वल्पविराम असलेला ‘१,८५०’ त्याला समजत नाही. तो ‘नॅन’ देतो, म्हणजे ‘हा आकडा नाही’. (पार्सफ्लोट वापरलं तर ते स्वल्पविरामाशी थांबून १ देतं, जे त्याहून वाईट.) देवनागरी आकडे त्याला अजिबात वाचता येत नाहीत, तिथेही नॅन. आणि रिकामा मजकूर दिला तर तो निमूटपणे शून्य देतो. ज्या बाजाराने दर कळवलाच नाही, तिथे माल फुकट वाटल्यासारखा दिसतो. स्वल्पविराम काढून टाका, देवनागरी आकडे बदलून घ्या, आणि रिकाम्या जागी ‘नल’, म्हणजे ‘माहिती नाही’, अशी खूण ठेवा.

नल ठेवला तरी सावध राहायला हवं. नॅनची कुठल्याही आकड्याशी केलेली लहान-मोठेपणाची तुलना खोटीच ठरते, त्यामुळे ती ओळ ‘१५०० च्या वर’ मध्येही येत नाही आणि ‘१५०० किंवा कमी’ मध्येही नाही. नल मात्र अशा तुलनेत शून्य धरला जातो आणि ‘१५०० किंवा कमी’ मध्ये घुसतो. दराची अट लिहिताना ‘दर नल नाही’ हे आधी तपासायचं, ते यासाठी.

तारखेचा घोळ जरा विनोदी आहे. भारतीय पद्धतीने लिहिलेली ०५/०६/२०२४ ही तारीख जावास्क्रिप्टच्या ‘डेट’ला दिली की ब्राउझर ती अमेरिकन पद्धतीने वाचतात आणि ५ जूनचा ६ मे होतो. १३/०६/२०२४ दिली तर तेरावा महिना नसल्याने ती अवैध ठरते. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा चुपचाप चुकतात आणि तेराव्यापासून उघड मोडतात. सोपा उपाय: तिरक्या रेघेवर तुकडे पाडून २०२४-०६-०५ असा मजकूर बनवायचा आणि तो मजकूर म्हणूनच ठेवायचा. वर्ष, महिना, दिवस अशा क्रमामुळे त्याची अक्षरागणिक तुलनाही बरोबर होते, डेटची गरजच पडत नाही. याच मजकुराचा डेट केला तर ती वेळ ग्रिनिचची मध्यरात्र धरली जाते. पुण्यात फरक जाणवत नाही, पण न्यू जर्सीतून तेच पान उघडणाऱ्याला एक दिवस आधीची तारीख दिसते.

आता नावं. इंग्रजीतल्या शिकवण्यांमध्ये हा भाग ‘मोकळ्या जागा काढा, सगळी अक्षरं लहान करा’ एवढ्यावर संपतो. मोकळ्या जागा काढायला ‘ट्रिम’ आहेच, आणि ‘पुणे’ या शब्दामागे चिकटलेली एक जागा शोध मोडू शकते हे खरं. पण मराठी मजकुराचं दुखणं वेगळं आहे.

‘कऱ्हाड’ हे नाव घ्या. यातला ‘ऱ्ह’ संगणकात तीन प्रकारे साठवलेला असू शकतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दोन, साधा ‘र’, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर ‘झीरो विड्थ जॉइनर’, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पण जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर पहिल्याची ६ आणि बाकी दोन्हींची ७ येते, आणि ती तिन्ही नावं वेगळी मानते. तक्ता एका कळफलकावर टाइप झाला आणि शोधणारा दुसरा कळफलक वापरतो, एवढं पुरतं. कऱ्हाड तक्त्यात असूनही सापडत नाही.

पहिल्या दोघांची गाठ ‘नॉर्मलाइज’ घालून देतं. एकाच अक्षराच्या निरनिराळ्या बांधण्या एका ठरलेल्या रूपात आणणं हेच त्याचं काम. तिसरं रूप त्याच्या कक्षेत येत नाही. तिथे ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ हा तुकडा शोधून त्याजागी ‘ऱ, हलन्त’ घालायचा. अदृश्य चिन्हं सरसकट पुसण्याचा मोह होतो, पण जोडचिन्ह पुसलं की त्या ‘र’चा रफार होऊन ‘कर्हाड’ उरतं आणि काम आणखी बिघडतं. हे सगळं एका छोट्या फंक्शनमध्ये ठेवा आणि तेच फंक्शन तक्त्यातल्या नावांवर आणि शोधायच्या शब्दावर, दोन्हींवर चालवा. एका बाजूला लावून दुसरी विसरणं हे नेहमीचं.

‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ यांतला फरक मात्र कोणतंही फंक्शन ओळखणार नाही. तिथे पर्यायी नावांची यादी आपणच करावी लागते. जुनी माहिती वापरणार असाल तर ती लागेलच: २०२३ च्या आधीच्या नोंदींत औरंगाबाद आणि उस्मानाबाद असेल, नंतरच्यांत छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये झालं. दहा वर्षांचे भाव एकाच नावाने गाळले तर त्यातला काही काळ गायब.

निवडून झालं की ‘फिल्टर’. २००९ च्या आवृत्तीपासून ते भाषेचाच भाग आहे. आपण त्याला एक छोटं फंक्शन देतो. फिल्टर त्या फंक्शनला प्रत्येक ओळीबद्दल ‘ठेवू की नको’ असं विचारतं, आणि होकार मिळालेल्या ओळींची नवी यादी मिळते. मूळ यादीला धक्का लागत नाही. नावासाठी ‘इन्क्लूड्स’, म्हणजे ‘हा तुकडा आत आहे का’. दरासाठी मोठेपणाची तुलना. आणि अनेक अटी ‘आणि’च्या चिन्हाने जोडायच्या. रिकामा मजकूर प्रत्येक मजकुरात ‘आहे’ असंच इन्क्लूड्स मानतं, त्यामुळे शोधाची चौकट मोकळी असली की सगळ्या ओळी आपोआप दिसतात. दराच्या चौकटीला ही सवलत नाही. ती मोकळी असेल तर अटच लावू नये.

इथली सगळ्यात जास्त आढळणारी चूक एका कंसाची आहे. बाणाच्या खुणेने लिहिलेल्या छोट्या फंक्शनला महिरपी कंस घातला, तर आत ‘रिटर्न’ स्पष्ट लिहावं लागतं. ते राहिलं की प्रत्येक ओळीला उत्तर मिळतं ‘काही नाही’, फिल्टर त्याला नकार समजतं, आणि निकाल रिकामा. एरर नाही, इशारा नाही.

दुसरी चूक जागेची. गाळलेली यादी पुन्हा मूळ नावातच साठवली, तर ‘कां’ लिहिल्यावर बाकी ओळी कायमच्या गेल्या. शोध पुसला तरी त्या परतत नाहीत. मूळ यादी एका नावाखाली जपून ठेवा आणि दर वेळी तिच्यापासूनच नव्याने गाळा. काही हजार ओळींसाठी ब्राउझरला हे क्षणाचं काम आहे, त्यात काटकसर करण्यात अर्थ नाही.

ओळी क्रमाने लावायच्या तर ‘सॉर्ट’ आहे, पण ते फिल्टरसारखं सोज्वळ नाही. ते हातातली यादीच हलवतं, आणि काही सांगितलं नाही तर आकडेही मजकूर समजून लावतं. आधी प्रत काढा, मग लावा; २०२३ पासून ‘टूसॉर्टेड’ आलं आहे, ते स्वतःच प्रत काढतं. नावांसाठी ‘लोकेलकम्पेअर’ला मराठीची खूण द्यावी. नाहीतर बहुधा युनिकोडचा सर्वसाधारण क्रम लागतो, ‘ळ’ हा ‘ल’ला लागून येतो आणि ‘क्ष’ची नावं ‘क’मध्ये मिसळतात. मराठी वर्णमालेप्रमाणे ही अक्षरं ‘ह’नंतर हवीत.

आता ओळी पानावर मांडायच्या. ‘इनरएचटीएमएल’मध्ये मजकूर जोडत जाणं सोपं वाटतं, पण माहितीत कुणी कोडचा तुकडा घुसवला असेल तर तो आपल्या पानावर चालू शकतो. प्रत्येक घरासाठी ‘टेक्स्टकन्टेन्ट’ वापरा. तो सगळं निव्वळ मजकूर म्हणूनच दाखवतो. दर दाखवताना ‘टूलोकेलस्ट्रिंग’ला मराठी-भारत अशी खूण दिली की देवनागरी आकडे आणि लाखाचे स्वल्पविराम आपोआप येतात. हे फक्त दाखवण्यापुरतं. साठवलेला आकडा साधाच राहू द्या.

तक्त्याच्या डोक्यावर ‘एकूण इतक्यांपैकी इतक्या ओळी’ असा एक आकडा जरूर लावा. आणि ओळी शून्य असतील तेव्हा कोणतं शून्य ते सांगा: माहिती अजून येते आहे, आलीच नाही, की आली पण या शोधाला काही जुळलं नाही. तीन वेगळी वाक्यं, लिहायला पाच मिनिटं. तयार तक्त्यांची ग्रंथालयं, डेटाटेबल्स किंवा टॅनस्टॅक टेबलसारखी, पानं पाडणं नि क्रम लावणं छान करतात आणि मोठ्या कामात ती वापरावीतच. पण कऱ्हाडचा प्रश्न ती आपल्यासाठी सोडवत नाहीत.

ओळी लाखांत गेल्या की सगळ्या ब्राउझरमध्ये आणणं सोडून द्यावं. गाळायचं काम सर्व्हरकडे, डेटाबेसकडे जातं आणि आपण पत्त्यातून फक्त अटी पाठवतो. हा पत्ता हाताने जोडू नये. नावात ‘अँड’चं चिन्ह आलं की तिथे अट तुटते, ‘यूआरएल-सर्च-पॅराम्स’ हे काम नीट करतं. सर्व्हरच्या बाजूला आलेला शब्द थेट डेटाबेसच्या आज्ञेत चिकटवू नये. त्यासाठी जागा राखून मूल्य वेगळं देण्याची सोय जवळपास प्रत्येक डेटाबेसला असते. ती टाळली तर शोधाच्या चौकटीतून आपला डेटाबेस दुसऱ्याच्या हातात जातो.

शिवाय आता प्रत्येक अक्षराला सर्व्हरकडे धाव घेणं परवडत नाही. टाइप करणारा पाव सेकंद थांबला की मगच मागणी पाठवायची; याला ‘डिबाउन्स’ म्हणतात. तरीही एक गडबड उरते. ‘कां’ची मागणी आधी गेली, ‘कांदा’ची नंतर, पण जास्त ओळी असल्यामुळे ‘कां’चं उत्तर मागाहून आलं, तर चौकटीत ‘कांदा’ आणि खाली ‘कां’शी जुळणारं सगळंच. नवी मागणी पाठवताना जुनी रद्द करायला ‘अबॉर्टकन्ट्रोलर’ आहे. रद्द झालेली मागणी फेचच्या लेखी अपयश असते आणि एरर म्हणूनच पकडली जाते. तेव्हा एररचं नाव तपासून ‘अबॉर्टएरर’ असेल तर गप्प बसायचं, नाहीतर भराभर टाइप करणाऱ्याला दर दोन अक्षरांमागे ‘माहिती मिळाली नाही’ असं दिसत राहील.